विणकराचा मुलगा आणि गावाचा निधी

एडिंबरोहून फोर्थची खाडी ओलांडून उत्तरेला गेले, की फाइफ परगण्यात डनफर्मलिन हे गाव लागते. मध्ययुगात हे स्कॉटिश राजांचे राजधानीचे ठिकाण होते. रॉबर्ट द ब्रूस या राजाचे दफन येथल्याच मठात झाले. एकोणिसाव्या शतकात गावाचे नाव झाले ते दमास्क या नक्षीदार लिनन कापडामुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी गावाला तिसरी ओळख मिळाली. येथे जन्मलेल्या एका विणकराच्या मुलाने अमेरिकेत पोलादाच्या व्यवसायात अमाप पैसा मिळवला आणि त्यातला एक मोठा वाटा गावाच्या नावे कायमचा ठेवला. गावासाठी स्वतंत्र निधी, विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी दुसरा, इतरांचे प्राण वाचवताना मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांसाठी तिसरा, अशी एक मालिकाच उभी राहिली. २०२२ साली डनफर्मलिनला शहराचा दर्जा मिळाला. त्या शहराच्या सार्वजनिक जीवनावर आजही अँड्र्यू कार्नेगी या माणसाची मुद्रा आहे.

कार्नेगींचे चरित्र बहुधा रंकाचा राव झाल्याची कथा म्हणून सांगितले जाते. ती कथा खरी आहे. पण अपुरी आहे. एका गावाला भरभरून देणारा हा माणूस दुसऱ्या गावाच्या मजुरीत काटकसर करत होता. ही दोन्ही गावे एकत्र ठेवल्याशिवाय त्यांच्या दानाचा अर्थ उलगडत नाही.

माग थांबला

२५ नोव्हेंबर १८३५ रोजी डनफर्मलिनच्या मूडी स्ट्रीटवरील एका छोट्या दगडी घरात अँड्र्यूचा जन्म झाला. खालच्या मजल्यावर वडिलांचा हातमाग आणि वर छपराखालच्या खोलीत संसार, अशी त्या घराची रचना होती. वडील विल्यम हे कसबी दमास्क विणकर होते. पुस्तके विकत घेणे परवडत नसलेल्या या विणकरांनी आपापली मोजकी पुस्तके एकत्र करून गावात वाचनालय सुरू केले होते. त्या उपक्रमात विल्यम यांचाही वाटा होता, याचा अँड्र्यूंना आयुष्यभर अभिमान वाटला.

घरचे वातावरण राजकीय होते. कष्टकऱ्यांना मताचा अधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीत वडील सामील होते. आईचे वडील थॉमस मॉरिसन हे चर्मकार. पण गावात त्यांची ख्याती होती ती जहाल वक्ता आणि चळवळ्या म्हणून. मठाला लागून पिटेनक्रीफ नावाची जहागीर होती. जुन्या राजवाड्याच्या अवशेषांचा काही भाग तिच्या हद्दीत येत असे. त्या जागेवर गावकऱ्यांचाही हक्क आहे, असा मॉरिसन घराण्याचा दावा होता आणि त्यासाठी ते जमीनदार हंट कुटुंबाशी भांडले. जमीनदाराने त्याचे उट्टे काढले. वर्षातून एक दिवस पिटेनक्रीफची बाग गावकऱ्यांसाठी खुली होई; त्या दिवशीही मॉरिसनच्या वंशजांपैकी कोणाला आत सोडायचे नाही, असा हुकूम निघाला. अँड्र्यूच्या बरोबरीची मुले त्या दिवशी आत जात आणि तो कुंपणाबाहेर राही.

मामा टॉम मॉरिसन यांनी राजकारणाची आणि हाय स्ट्रीटवर दुकान चालवणारे काका जॉर्ज लॉडर यांनी स्कॉटलंडच्या इतिहासाची व काव्याची गोडी त्याला लावली. पुढे १८९९ मध्ये डनफर्मलिनमध्ये लॉडर यांच्या नावाने तंत्रशाळा उभी राहिली, ती भाच्याच्या पैशातून. कार्नेगींच्या पुढील देणग्यांत कृतज्ञतेचा हा धागा वारंवार दिसतो.

वाफेवर चालणारे माग आले आणि हातमागाच्या विणकरांची कामे एकामागून एक बंद पडली. १८४८ मध्ये कार्नेगी कुटुंबाने घरचे माग व सामान विकले. आलेली रक्कम प्रवासाला पुरेना, तेव्हा आईच्या मैत्रिणीने २० पौंड उसने दिले. ग्लासगोहून जहाजाने निघालेले हे कुटुंब अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्गलगतच्या ॲलेगेनी गावी पोहोचले. यंत्राने देशोधडीला लावलेल्या घराचा हा मुलगा पुढे जगातल्या सर्वांत आधुनिक यंत्रांचा मालक व्हायचा होता.

शनिवारची पुस्तके

तेराव्या वर्षी अँड्र्यू एका कापडगिरणीत बॉबिन बदलणारा पोऱ्या म्हणून कामाला लागला. मजुरी आठवड्याला १ डॉलर २० सेंट. त्यानंतर एका कारखान्याच्या तळघरात बाष्पयंत्र सांभाळण्याचे काम मिळाले. वाफेचा दाब वाढून स्फोट होईल, या भीतीने त्याला रात्री झोप लागत नसे. १८४९ मध्ये तारऑफिसात निरोप पोहोचवणारा मुलगा म्हणून आठवड्याला अडीच डॉलरवर नोकरी मिळाली आणि तळघरातून सुटका झाली. शहरातील व्यापाऱ्यांची नावे, पेढ्यांचे पत्ते त्याने पाठ केले. तारयंत्राचा कडकट्ट कानाने ऐकून संदेश उतरवण्याची विद्या तो शिकला. तेव्हा हे थोड्यांनाच साधत असे.

याच काळात कर्नल जेम्स अँडरसन नावाच्या गृहस्थांनी आपला सुमारे ४०० पुस्तकांचा खासगी संग्रह कामकरी मुलांसाठी खुला केला. दर शनिवारी एक पुस्तक न्यायचे, पुढच्या शनिवारी परत करून दुसरे घ्यायचे. पुढे हा संग्रह ग्रंथालय म्हणून चालू लागला तेव्हा शिकाऊ उमेदवार नसलेल्या मुलांकडून वर्षाला दोन डॉलर वर्गणी मागण्यात आली. सतरा वर्षांच्या अँड्र्यूने थेट वर्तमानपत्राला पत्र लिहून या भेदाविरुद्ध तक्रार मांडली. नियम बदलला आणि त्याला प्रवेश मिळाला.

पुढे त्यांनी जगभर जी २,५०९ ग्रंथालये उभारायला पैसा दिला, तिचे बीज या शनिवारांत आहे. दाराशी अडवले जाणे म्हणजे काय, हे त्यांनी डनफर्मलिनला बागेच्या फाटकावर अनुभवले होते आणि ॲलेगेनीला पुस्तकांच्या कपाटापाशी. पुढच्या सगळ्या योजनांत दार कोणासाठी उघडे ठेवायचे, हा विचार त्यांच्या मनात प्रमुख राहिला.

रुळांवरून पोलादाकडे

१८५३ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे अधिकारी थॉमस स्कॉट यांनी या चलाख तारवाल्याला महिना ३५ डॉलर पगारावर आपल्या हाताखाली घेतले. १८५५ मध्ये वडील वारले. अमेरिकेत त्यांचा जम अखेरपर्यंत बसला नाही. घराचा भार अँड्र्यूवर आला. स्कॉट यांच्या सल्ल्याने त्याने शेअर घेतले. पहिल्या शेअरांसाठी लागलेली रक्कम उभी करायला आईने राहते घर गहाण टाकले. घामाशिवाय मिळालेल्या पहिल्या लाभांशाने त्याला भांडवल म्हणजे काय ते उमजले. १८५९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो रेल्वेच्या पश्चिम विभागाचा अधीक्षक झाला. शयनयान डबे, तेल, लोखंडी पूल अशा नव्या धंद्यांत त्याने पैसा गुंतवला आणि १८६५ मध्ये नोकरी सोडली.

१८६८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून त्याने स्वतःसाठी एक टिपण लिहिले. वार्षिक उत्पन्न ५० हजार डॉलरवर पोहोचले होते. याहून अधिक मिळवायचे नाही, दोन वर्षांत धंदा सोडून ऑक्सफर्डला जायचे, शिक्षण पुरे करायचे आणि उरलेला पैसा चांगल्या कामाला लावायचा, असा संकल्प त्यात होता. धनाच्या पूजेसारखी माणसाला खाली ओढणारी दुसरी पूजा नाही, अशी कबुलीही होती. तो संकल्प पाळला गेला नाही. कार्नेगींनी आणखी तेहतीस वर्षे धंदा केला.

१८७५ मध्ये ब्रॅडॉक येथे एडगर थॉमसन पोलाद कारखाना सुरू झाला. १८८३ मध्ये मोनाँगहीला नदीकाठचा होमस्टेड येथील कारखाना त्यांनी विकत घेतला. नवे यंत्र आले की जुने, चालते असले तरी मोडीत काढायचे. मंदीत इतर थांबतात तेव्हा आपण कारखाना वाढवायचा. आणि प्रत्येक टनामागचा खर्च पैशापैशाने मोजायचा, अशी त्यांची पद्धत होती. या हिशेबात खनिज, कोळसा, वाहतूक होती तशी मजुरीही होती.

जन्मगावाची आठवण या साऱ्या धावपळीतही सुटली नव्हती. १८७७ मध्ये त्यांच्या देणगीतून डनफर्मलिनमध्ये सार्वजनिक स्नानगृह व पोहण्याचा तलाव झाला. १८७८-७९ च्या जगप्रवासात ते हिंदुस्थानातही आले. मुंबईच्या किनाऱ्यावर मावळत्या सूर्याची प्रार्थना करणाऱ्या पारशांचे त्यांनी आत्मचरित्रात आदराने वर्णन केले आहे. १८८१ मध्ये ते आईला घेऊन डनफर्मलिनला गेले. गावाला त्यांनी ग्रंथालयासाठी ८ हजार पौंड देऊ केले होते. त्याची कोनशिला मार्गारेट यांनी बसवली. जे गाव उसन्या पैशावर सोडावे लागले, तेथे ही माउली अशी परतली. १८८३ मध्ये उघडलेले हे ग्रंथालय कार्नेगी ग्रंथालयांपैकी पहिले होय. यानंतरच्या ग्रंथालयांसाठी त्यांची अट ठरून गेली: इमारत आपण द्यायची, जागा व दरवर्षीचा खर्च मात्र गावाने आपल्या करातून करायचा.

होमस्टेडचा डाग

१८८९ मध्ये कार्नेगींनी संपत्ती या विषयावर एक निबंध लिहिला आणि तो जगभर गाजला. धनवानाने साधेपणाने राहावे, अवलंबून असलेल्यांची बेताची सोय करावी आणि उरलेले सर्व धन समाजाची ठेव समजून हयातीतच खर्च करावे, हा त्याचा आशय. मोठ्या वारसांवर सरकारने जबर कर बसवावा, असेही त्यांनी सुचवले. याच विचाराची दुसरी बाजू मात्र कठोर होती. तीच रक्कम हजारो लोकांत थोडीथोडी वाटली, तर ती खाण्यापिण्यात उडून जाईल; एका जाणत्या हाती साठून ग्रंथालय वा विद्यापीठ झाली, तर अधिक उपयोगी पडेल, असे त्यांचे मत होते. वाढीव मजुरी हीदेखील अशी थोडीथोडी वाटलेली रक्कमच असते.

तीन वर्षांत या विचाराची कसोटी लागली. होमस्टेडच्या कारखान्यात सुमारे ३,८०० कामगार होते आणि कुशल कारागिरांची संघटना बळकट होती. तिचा करार ३० जून १८९२ रोजी संपत होता. पोलादाचा भाव घसरल्यास मजुरी किती खाली जाऊ शकते, त्याची किमान मर्यादा कंपनीला आणखी उतरवायची होती. व्यवहार हेन्री क्ले फ्रिक यांच्या हाती होता. त्यांनी कारखान्याभोवती उंच कुंपण घातले आणि टाळेबंदी केली. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन या खासगी संस्थेचे सुमारे ३०० सशस्त्र पहारेकरी तराफ्यांतून नदीमार्गे आणले गेले. किनाऱ्यावर कामगार व त्यांची कुटुंबे जमली होती. दिवसभर गोळीबार चालला. दोन्ही बाजूंची मिळून किमान दहा माणसे मेली. पुढे राज्याचे हजारो सैनिक आले, त्यांच्या बंदोबस्तात नवी माणसे कामावर घेतली गेली आणि नोव्हेंबरात लढा संपला. संघटना मोडली ती कायमची.

या दिवसांत कार्नेगी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात सुट्टीवर होते. संघटनेशी तडजोड करायची नाही, या धोरणाला त्यांचा पाठिंबा होता आणि तसे त्यांनी फ्रिक यांना पत्रांतून कळवले होते. याच कार्नेगींनी १८८६ मध्ये लेख लिहून कामगारांच्या संघटना करण्याच्या हक्काचे समर्थन केले होते आणि संपावर गेलेल्या माणसाची जागा दुसऱ्याने घेऊ नये, ही कामगारांची भावनाही मान्य केली होती. चार्टिस्ट विणकराच्या मुलाकडून आलेला हा अनुभव कामगारांनी विसरला नाही. १९०४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग शहराच्या मतदारांनी कामगार संघटनांच्या प्रचारानंतर कार्नेगी ग्रंथालयाचा प्रस्ताव फेटाळला. त्या प्रचारात होमस्टेडचे नाव होते. खुद्द होमस्टेडला १८९८ मध्ये देखणे ग्रंथालय मिळाले. परंतु बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला पुस्तक उघडण्याचे त्राण कोठून येणार, हा प्रश्न त्या इमारतीच्या पायऱ्यांवरच उभा राहिला.

शुल्क कोणी भरायचे?

१९०१ मध्ये कार्नेगींनी आपला सारा पोलाद व्यवसाय जे. पी. मॉर्गन यांना ४८ कोटी डॉलरला विकला. त्यांच्या वाट्याला सुमारे साडेबावीस कोटी डॉलरचे रोखे आले. विक्रीनंतर लगेच त्यांनी कारखान्यांत जायबंदी वा वृद्ध झालेल्या कामगारांसाठी आणि मृतांच्या कुटुंबांसाठी ४० लाख डॉलरचा निधी ठेवला. होमस्टेडची भरपाई त्याने झाली नाही. पण पोलाद कोणाच्या अंगमेहनतीवर तयार झाले याची ती नोंद होती.

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या विद्यापीठांसाठी १ कोटी डॉलरचा न्यास स्थापन झाला. सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, ॲबर्डीन आणि एडिंबरो ही चार जुनी विद्यापीठे त्याच्या कक्षेत होती. उत्पन्नाचा एक भाग अध्यापन व संशोधनाच्या सोयींसाठी आणि दुसरा स्कॉटिश विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी. तेरा वर्षांचा असताना शाळा सुटलेल्या माणसाने आपल्या देशातील गरिबांच्या मुलांसाठी विद्यापीठाचे दार असे उघडले. योजनेवर टीकाही झाली. शुल्क दुसऱ्याने भरल्यास विद्यार्थ्यांचा स्वाभिमान जाईल, असे काही प्रतिष्ठितांना वाटे. न्यासाच्या नियमांत त्यावर उत्तर होते. ज्याला ही मदत दान म्हणून नको असेल, त्याने ती पुढे कमावता झाल्यावर परत करावी. सक्ती मात्र नाही. शिष्यवृत्ती घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची एवढी काळजी त्या काळच्या फार थोड्या योजनांत घेतलेली दिसते.

या न्यासाचे पहिले अध्यक्ष लॉर्ड एल्गिन. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. १८९४ ते १८९९ या काळात ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. पुण्यातील प्लेग, रँडचा वध आणि लोकमान्य टिळकांवरील १८९७ चा राजद्रोहाचा खटला त्यांच्याच कारकिर्दीत झाला. त्यांचा वडिलोपार्जित वाडा डनफर्मलिनजवळच होता.

फाटक उघडले

१९०२ च्या अखेरीस पिटेनक्रीफची जहागीर विकायला निघाली. डनफर्मलिनचे वकील जॉन रॉस यांच्या मध्यस्थीने कार्नेगींनी ती ४५ हजार पौंडांना घेतली. ज्या बागेत लहानपणी पाऊल टाकण्याची मनाई होती, तिचे ते मालक झाले. ती मालकी त्यांनी फार काळ जवळ ठेवली नाही. १९०३ मध्ये संपूर्ण बाग त्यांनी गावाला दिली आणि तिच्याबरोबर २५ लाख डॉलरचे पाच टक्के व्याजाचे रोखे देऊन कार्नेगी डनफर्मलिन न्यास स्थापन केला. वर्षाला सुमारे २५ हजार पौंडांचे उत्पन्न. त्या वेळी गावाची लोकसंख्याही सुमारे २५ हजार होती; म्हणजे दरसाल माणशी एक पौंड. आयुष्यातल्या साऱ्या देणग्यांत सर्वाधिक समाधान देणारी देणगी म्हणून त्यांनी पुढे या बागेचाच उल्लेख केला.

न्यासाच्या विश्वस्तांना त्यांनी एक पत्र लिहिले. गावातल्या कष्टकऱ्यांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, एकसुरी आयुष्यात थोडे सौंदर्य आणि आनंद यावा, हा निधीचा हेतू. इतर गावांत जे असतेच, ते पुरवण्यासाठी हा पैसा नाही. त्यापलीकडचे काही करून पाहण्यासाठी आहे. तुम्ही नवी वाट पाडत आहात, तेव्हा चुकायला भिऊ नका; प्रयोग करा आणि जमला नाही तर सोडून द्या, असे त्यांनी सुचवले होते. काही विश्वस्त आजीव आणि उरलेले नगरपालिकेने निवडायचे, अशी रचना ठरली. रॉस अध्यक्ष झाले.

हा निधी कसा खर्च करावा, याची एक योजना न्यासाने पॅट्रिक गेडिस यांच्याकडून तयार करून घेतली. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात बागेपासून संग्रहालयांपर्यंत अवघ्या गावाच्या विकासाचे चित्र होते. विश्वस्तांना ते पेलणारे वाटले नाही आणि योजना कागदावरच राहिली. हेच गेडिस पुढे हिंदुस्थानात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. नगररचनेचा जो विचार त्यांनी डनफर्मलिनसाठी मांडला होता, त्याची ओळख अशा रीतीने मुंबईच्या विद्यार्थ्यांनाही झाली.

विश्वस्तांनी आपल्या कुवतीची वाट धरली. बाग सजली, तेथे वाद्यवृंद वाजू लागले. नवी स्नानगृहे व व्यायामशाळा झाली. संगीताचे व हस्तकलेचे वर्ग निघाले. शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी व उपचार सुरू झाले. १९०५ मध्ये शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका तयार करणारे महाविद्यालय उघडले. तेथे शिकलेल्या स्त्रिया स्कॉटलंडभरच्या शाळांत गेल्या. गावाच्या निधीचा लाभ असा गावाबाहेरही पोहोचला.

मृतांच्या नावे, जिवंतांसाठी

जानेवारी १९०४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील हार्विक येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन सुमारे १८० जण मृत्युमुखी पडले. त्यांत खाली अडकलेल्यांना वाचवायला उतरलेले दोघे होते. त्या घटनेने हेलावलेल्या कार्नेगींनी अमेरिकेत वीर निधी स्थापन केला. दुसऱ्याचा जीव वाचवताना ज्याने आपला गमावला वा जो अपंग झाला, त्याच्या कुटुंबाला या निधीने आधार द्यायचा. युद्धातल्या शौर्याला पदके देणारे पुष्कळ. खाणीतल्या, नदीवरल्या, आगीतल्या शौर्याची दखल कोण घेतो, असा त्यामागचा विचार. १९०८ मध्ये ब्रिटनसाठी तसाच निधी निघाला आणि त्याचे कार्यालय डनफर्मलिनला आले. १९१३ मध्ये ब्रिटन व आयर्लंडसाठी १ कोटी डॉलरचा आणखी एक न्यास याच गावी सुरू झाला.

सन १९१४ हे वर्ष अशा निधींच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकप्रमुखाने पहिले समाज प्रतिष्ठान स्थापन केले. एका धनाढ्याऐवजी शहरातल्या लहानमोठ्या अनेक दात्यांचा पैसा एकत्र ठेवायचा, कोणी आईच्या स्मृतीसाठी तर कोणी शिक्षकाच्या नावे शिष्यवृत्ती ठेवावी, आणि काळ बदलला की विनियोग ठरवण्याचा अधिकार स्थानिक मंडळाला असावा, अशी ती कल्पना. पुढे ती जगभर रुजली. डनफर्मलिनचा न्यास त्याहून निराळा. तेथे दाता एकच होता. तरीही पैसा एका गावाशी बांधलेला, विनियोग गावातल्या माणसांच्या हाती आणि प्रयोगाची मोकळीक, या तीन गोष्टींत दोन्हींचे नाते दिसते.

येथेच कार्नेगींच्या विचारातला एक अंतर्विरोध समोर येतो. पैसा कुठे खर्च करावा हे जाणत्या धनवानालाच कळते, सामान्य माणसांत वाटला तर तो उधळला जातो, असे त्यांनी १८८९ मध्ये लिहिले होते. डनफर्मलिनला त्यांनी नेमके उलट केले. पैसा गावच्या वकील, शिक्षक, नगरसेवकांच्या हाती सोपवला आणि चुकण्याचीही परवानगी दिली. होमस्टेडच्या कामगारांवर असा विश्वास त्यांनी टाकला असता, तर १८९२ चा जुलै कदाचित वेगळा गेला असता.

१९१४ चे महायुद्ध कार्नेगींना मोठा धक्का देऊन गेले. जागतिक शांततेसाठी त्यांनी संस्था काढल्या होत्या. हेगच्या शांतता प्रासादाला पैसा दिला होता. युद्ध सुरू झाल्यावर ते स्कॉटलंडमधल्या आपल्या स्किबो या वाड्यात पुन्हा कधी परतले नाहीत. ११ ऑगस्ट १९१९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लेनॉक्स येथे त्यांचे निधन झाले आणि दफन न्यूयॉर्क राज्यातील स्लीपी हॉलो येथे. हयातीत त्यांनी सुमारे ३५ कोटी डॉलर दिले होते. मूडी स्ट्रीटवरचे जन्मघर पत्नी लुईझ यांनी १८९५ मध्ये त्यांच्या साठीनिमित्त विकत घेतले होते. पुढे तेथे संग्रहालय झाले.

अशा दात्याचा हिशेब एका आकड्यात मांडता येत नाही. शुल्क भरले गेल्यामुळे डॉक्टर, शिक्षक, अभियंता झालेली मुले एका बाजूला आहेत; मोनाँगहीलाच्या काठावर पडलेली माणसे आणि बारा तासांच्या पाळ्या दुसऱ्या बाजूला. एका बाजूने दुसरी पुसली जात नाही. कार्नेगींच्या रोख्यांवरील व्याज अखेर कामगारांच्याच श्रमातून येत होते. त्यामुळे डनफर्मलिनच्या मुलाला मिळालेल्या प्रत्येक पौंडात होमस्टेडच्या भट्टीवाल्याचाही वाटा होता, आणि त्याचे नाव कोणत्याही कोनशिलेवर नाही. गावोगावी स्मृतिनिधी आणि शिष्यवृत्त्या उभ्या करताना दात्याचे नाव जरूर कोरावे. पैसा कोठून आला आणि तो कोणासाठी दार उघडतो, हे दोन प्रश्न मात्र त्या नावाशेजारी कायम जागते ठेवले पाहिजेत.